मुकादमांचं ‘चल’

१ मार्च, शनिवार

मृणाल मॅडम म्हणाल्या, काकू, रोज लिहीत जा. काका काय बोलले, कुणाला बोलले, तेव्हा घरात काय चाललं होतं. आता काय लिहू, कपाळ माझं! यांच्याजवळ शब्द उरलाय एक. "चल."

मृणाल म्हणजे स्पीच थेरपिस्ट. गेलेली वाचा परत आणायचं शिकलेली पोर. दर शनिवारी दवाखान्यात येते. संक्रांतीनंतर यांना लकवा मारला. उजवी बाजू हळूहळू येतेय, काठी धरून ओसरीपर्यंत जातात. तोंड मात्र बंद झालं ते झालंच. शुद्धीवर आले तेव्हा सलाईनवाल्या पोराला म्हणाले, "चल." डॉक्टरांना म्हणाले, "चल." मी रडत होते तर मलाही "चल." मला वाटलं, देवा, यांना आता कुठे जायचंय?

आणि हे कोण, तर दिगंबर मुकादम! फोपनारच्या बागांमध्ये केळीची कापणी निघाली की बारा माणसांची टोळी घेऊन ट्रक भरून देणारे. हे बोलायला लागले की बांधावरची कुत्रीसुद्धा उठून बसायची. बोलणाऱ्याचे कुळीथ विकतात, न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात म्हणतात, ते आता आमच्या घरात बघा.

मॅडमना दाखवायला दोन ओळी वेगळ्या लिहीन. ही वही माझी.

४ मार्च, मंगळवार

आज शरम वाटेल असा प्रकार झाला. सकाळी हे दाराकडे बघून म्हणाले, "चल." मी म्हटलं, माणूस घरात कोंडलाय, जाऊ द्या एकदाचं. गोटूची रिक्षा बोलावली. मारुतीला नेलं. तिथे म्हणाले, "चल." दवाखान्यात नेलं. पुन्हा "चल." पूल ओलांडून जैनाबादला नेलं, यांच्या आत्तेबहिणीकडे. तिने बिचारीने पोहे टाकले, तर हे ताटाकडे बघून ओरडले, "चल!" गोटू म्हणाला, "काकू, अब कहाँ? आता पुढे अशीरगडच राहिला."

घरी आलो. हे खुर्चीत बसले, डोळे मिटले आणि हळूच म्हणाले, "चल." प्रतिभा म्हणाली, "मम्मी, पप्पा सकाळी फक्त दार लाव म्हणत होते. ऊन येत होतं डोळ्यावर." तुला गं कसं कळलं? तर म्हणे, "बस, कळलं."

पोरीला काय, बी.एड. करतेय, सगळंच कळतं तिला.

संध्याकाळचं तर विचारूच नका. मी शिलाईला बसले, पिको-फॉलचा ढीग पडला होता, की यांचं सुरू. चल. चहा दिला. चल. बाथरूमला नेलं. चल. पंखा कमी केला. तरी चल! दिवे लागले तशी आपोआप गप्प झाले. रोज त्याच वेळेला होतं हे. मॅडमना विचारायला हवं, या दुखण्याला संध्याकाळचा काही जोर असतो का.

९ मार्च, रविवार

प्रतिभा ओसरीत फोनवर बोलत होती. मी मशीनवर, हे खुर्चीत. पोरगी काय बोलत होती तर, "चल! ... चल, खोटं नको बोलू ... चल ना रे ... नाही हं, चल, ठेवते ... चल." झालं बोलणं.

मी म्हटलं, काय गं, बापाचा आजार तुला लागला का? तर हसून हसून लोळली. म्हणाली, "मम्मी, 'चल' म्हणजे कुछ भी! पहिलं 'चल' म्हणजे खरंच का? दुसरं म्हणजे थापा नको मारू. तिसरं म्हणजे माझं ऐक. शेवटचं म्हणजे बाय." कुठली मैत्रीण होती एवढी, विचारलं, तर म्हणे कॉलेजची.

तेवढ्यात यांनी मान वळवली, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "चऽऽल." असं लांब ओढून, एक भुवई वर. पोरगी लालबुंद होऊन आत पळाली. मला काही उमगलं नाही. बापाची अशी अवस्था बघून गलबलून आलं असेल तिला.

१४ मार्च, शुक्रवार. धुळवड

प्रतिभाने कानात किडा सोडलाय. आज दिवसभर मी खिडकीशी बसून नुसतं ऐकत होते. बाई गं! आमचा आख्खा बुधवारा मोहल्ला एका शब्दावर चाललाय आणि मला पत्ता नाही.

रंग टाकणारा पोरगा म्हणाला, "चल बे!" ते भांडण. दुसऱ्याने गळ्यात हात टाकून म्हटलं, "चल बे!" ते प्रेम. समोरची भांडेवाली गिऱ्हाईकाला म्हणाली, "चला चला," म्हणजे भाव परवडत नाही, वाट धरा. गिऱ्हाईक चार पावलं गेलं तशी मागून म्हणाली, "बरं चला," म्हणजे या, घ्या त्याच भावात. म्हातारा बैलाला म्हणतो चल, आणि बैल चालतो. एक बाई नवऱ्याला म्हणाली, "चला, काहीतरीच!" आणि पदर तोंडाला लावला. पलीकडच्या आजीबाई अंथरुणाला खिळल्यात, त्यांना भेटायला आलेला माणूस बाहेर पडून म्हणाला, "चालल्या." तो एकच शब्द ऐकून सगळी गल्ली गप्प झाली.

दोन अक्षरं! एवढ्याशा शब्दात हाकलता येतं, बोलावता येतं, लाजता येतं, मरता येतं. चोपन्न वर्षं मी हा शब्द तोंडात घोळवतेय आणि आज पहिल्यांदा ऐकला.

मग यांच्याकडे बघितलं. मनात आलं, या माणसाजवळ एकच शब्द उरलाय, पण कुठला उरलाय बघा! देवाने सगळं घर नेलं आणि किल्ली तेवढी ठेवली. पण किल्ली फिरवणारा आत आहे का? मला एवढंच कळायला हवं. बाकी काही नको. माझा माणूस आत आहे की नुसतं दार वाजतंय?

१७ मार्च, सोमवार

आज उगाच जुनं आठवत बसले. लग्न झालं तेव्हा हे म्हणाले होते, संध्याकाळी राजघाटावर नेतो तुला, तापीच्या पायऱ्यांवर बसू. इथून राजघाट तो किती, हाकेवर! मी वेणी घालून तयार बसायची. तेवढ्यात ट्रकवाला दारात हॉर्न वाजवायचा. हे जायचे ते दुसऱ्या दिवशी उगवायचे, हातात मावा जिलेबीचा पुडा. जिलेबी खाल्ली की मी गप्प. असं करत करत प्रतिभा झाली, सासूबाई गेल्या, गुडघे दुखायला लागले. राजघाट तिथेच राहिला. आता जिलेबीही बंद, मला साखर निघाली.

संध्याकाळी पुन्हा तेच. मी मशीनवर, यांचं चल. आज उठलेच नाही. चहा तरी किती वेळा टाकायचा माणसाने?

२२ मार्च, शनिवार

मॅडमनी आज परीक्षा घेतली. टेबलावर चित्रं मांडली. काका, चमचा दाखवा. हे छताकडे बघत बसले. काका, गाय कुठली? छत. मग मॅडम म्हणाल्या, "तुमचं नाव दिगंबर आहे का? असेल तर डावा हात वर करा." यांनी मॅडमकडे बघितलं, एखाद्या लहान लेकराकडे बघावं तसं, आणि म्हणाले, "चल." मॅडम फिस्सकन हसल्या. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

बाहेर आल्यावर मॅडमनी मला समजावलं. म्हणाल्या, "काकू, बोलणं गेलं म्हणजे समज गेली असं नसतं. पण किती आहे ते या चित्रांवरून मला सांगता येणार नाही. काही पेशंटमध्ये असा शब्द नुसता निघतो, उचकीसारखा. काहींमध्ये त्याच एका शब्दात सगळं असतं. तुम्ही सूर ऐका त्यांचा. घाई नको."

रिक्षात बसल्यावर माझ्या डोक्यात एकच राहिलं. उचकीसारखा.

६ एप्रिल, रविवार. रामनवमी

टोळीतले दोघे आले होते, सुकलालभाऊ आणि भूपेंद्र. सुकलालभाऊ यांच्याबरोबर पहिल्यापासून आहेत. भूपेंद्र तरणाताठा, कामाचा आहे, यांनीच घडवलेला. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. आपल्याकडे आखाजीला शेतावरची सालाची माणसं ठरतात, तसा टोळीचा मुकादमही ठरतो. आमच्या टोळीची रीत अशी की आखाजीच्या दुपारी मुहूर्ताची एक गाडी भरायची. जो खांद्यावर गमछा टाकून ती गाडी भरून देईल तो सालभर मुकादम. हा मान यांच्याकडे इतकी वर्षं आहे की दुसऱ्या कुणाचा विचारच कधी झाला नाही.

सुकलालभाऊ म्हणाले, "वहिनी, आमची घाई नाही भो. मुकादम बसून राहिले तरी चालतील. तुम्ही म्हणाल तसं."

भूपेंद्र मान खाली घालून म्हणाला, "काकू, मला नको. पण टोळी फुटायला लागलीय. चार जण रावेरच्या टोळीत जायचं म्हणून राहिले."

विचार करून सांगते म्हटलं. हे खुर्चीतून सगळं ऐकत होते, म्हणजे कान होते तिकडे. दोघे निघाले तेव्हा म्हणाले, "चल." सुकलालभाऊ उंबऱ्यात थबकले, डोळे पुसले आणि म्हणाले, "हो मुकादम, खाऊन घेईन वेळेवर." काय ऐकलं त्यांनी कोण जाणे. वेडी माया, दुसरं काय.

१० एप्रिल, गुरुवार

आज भूपेंद्रला फोन करून सांगितलं. तूच हो मुकादम. आखाजीला यांना घेऊन येते, यांच्या हातून गमछा घे. खोट्या आशेवर बारा घरं किती दिवस टांगून ठेवू? उद्या भरणीच्या जागी यांना उभं करायचं, हे चल चल करायचे आणि माणसं हसायची. ते मला बघवणार नाही. मुकादम म्हणून जगले, मुकादम म्हणूनच लोकांच्या ध्यानात राहावेत.

फोन ठेवला आणि मागे बघितलं तर हे दारात काठी घेऊन उभे. किती वेळ उभे होते देव जाणे.

१२ एप्रिल, शनिवार

परवापासून यांच्या तोंडून चल नाही.

सकाळी नाही, जेवताना नाही, संध्याकाळी मशीनवर बसले तेव्हाही नाही. मी मुद्दाम खुडबुड केली, कात्री पाडली. नाही. भिंतीकडे बघत बसतात.

मॅडमना सांगितलं. त्यांनी तपासलं. म्हणाल्या, नवीन झटका वगैरे काही नाही. "काकू, घरात काही घडलं का? काही बोलणं?" मी म्हटलं, नाही हो, काही नाही घडलं. दुखणं वाढलं असेल.

त्या शब्दाला मी इतकी कावले होते. आता घर कसं खायला उठतंय.

२१ एप्रिल, सोमवार

अजून नाही. प्रतिभा बापाशेजारी बसून म्हणते, "पप्पा, चल. पप्पा, चल ना. चल की." आपणच निरनिराळ्या सुरात म्हणते. हे तिच्या डोक्यावर हात ठेवतात, ओठ हलत नाहीत. शेवटी ती माझ्यावरच चिडली. "मम्मी, तूने पूछा भी था पप्पा से?" काय विचारायचं होतं म्हणे! ज्याला गाय आणि चमचा कळत नाही त्याला?

तिने दार आपटलं. लहान आहे अजून.

१ मे, गुरुवार

काल आखाजी झाली. काल लिहायला हातच उठला नाही. आज सगळं लिहिते, एक अक्षर गाळणार नाही.

सकाळी घागर भरली, पितरांना पुरणपोळी-आमरसाचा नैवेद्य दाखवला, आणि गोटूच्या रिक्षाने आम्ही तिघं फोपनारला गेलो. गमछा मी धुऊन, इस्त्री करून नेला होता. बांधाला ट्रक लागलेला, आत केळीच्या पानांची गादी पसरलेली. टोळीने यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत सावलीला बसवलं. सगळे पाया पडले. मी गमछा यांच्या हातात दिला आणि कानात म्हटलं, भूपेंद्रला द्या. यांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मी विसरणार नाही. मग डाव्या हाताने गमछा पुढे केला. भूपेंद्रने घेतला, खांद्यावर टाकला.

भरणी सुरू झाली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घड, अशी माणसं बागेतून रांगेने येतात. ट्रकवर दोघे घड झेलून रचतात. एक जण जरी घाईत आला की मागचा आदळतो, घड खाली, साल काळी, माल गेला. भूपेंद्र नुसता बोलत होता बिचारा. "सुकलालभाऊ पुढे, तू थांब, नाही तू नाही, तो, अरे इकडे!" जितकं बोलावं तितका गोंधळ. दोघे एकमेकांवर आदळले. घड पडला. कुणी हसलं, कुणी शिवी दिली. भूपेंद्रचं तोंड एवढंसं झालं.

आणि खुर्चीतून आवाज आला. "चऽऽल."

खालच्या पट्टीत, लांब. अंगणात झोपलेल्या पोराला उठवावं तसा. माझ्या हातातलं पाण्याचं तांब्या-भांडं थांबलं. रांगेतला प्रत्येक माणूस थांबला, एक श्वास घेतला आणि चालू लागला. पायात पाय न अडकता, जशी वर्षानुवर्षं चालत आली तशी.

मग हे बोलतच राहिले. त्या एका शब्दात! ट्रकवरच्याला तुटक "चल", म्हणजे झेल. बागेतून येणाऱ्याला मऊ "चल", म्हणजे दमाने. नवख्याला "चल चल चल", आणि तो हसून पळायला लागला. घड दांडीकडून उलटा धरला होता एकाने, त्याला असा एक "चल" बसला की त्याने जीभ चावून घड फिरवला. मधेच भूपेंद्रकडे बघून काहीतरी "चल" म्हणाले, तर आख्खी टोळी खो खो हसली आणि भूपेंद्रही हसला. काय म्हणाले ते मी प्रतिभाला विचारलं. ती म्हणाली, "मम्मी, ते सांगता नाही येत, पण चावट होतं."

मी उभी होते ती बांधावर खालीच बसले. देवळातही माझे हात असे आपोआप जोडले गेले नव्हते कधी.

अर्धी गाडी भरली आणि ड्रायव्हर ती मागे घ्यायला लागला. सुकलालभाऊंची चुंबळ मागच्या चाकाशी पडली होती. ते वाकले ती उचलायला. ड्रायव्हरला दिसत नव्हते. मला दिसत होते. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून काही म्हणजे काही निघेना. एवढे शब्द आहेत माझ्याजवळ! दिवसभर बडबडते! एक "थांब" सुचला नाही मला.

"चल्!"

चाबकासारखा. ट्रक जागच्या जागी थांबला. बारा माणसं थांबली. सुकलालभाऊ चाकापासून हातभर अंतरावर वाकलेले तसेच राहिले. ड्रायव्हर परक्या गावचा, त्याने यांना पूर्वी कधी बघितलंही नव्हतं. त्यालाही कळलं. चल म्हणून यांनी गाडी थांबवली.

सुकलालभाऊ उठले, धूळ झटकली, यांच्यापाशी येऊन जमिनीवर बसले आणि यांच्या पायावर डोकं ठेवून लहान पोरासारखे रडले. हे त्यांच्या पाठीवर थापटत होते. "चल. चल. चल."

भूपेंद्रने खांद्यावरचा गमछा काढला आणि यांच्या खांद्यावर टाकला. म्हणाला, "काका, मी पाय. तोंड तुम्हीच." मग माझ्याकडे वळला, "काकू, रोज आणून सोडाल ना?"

मी जोरात मान हलवली. यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. गाडी अर्धी राहिली होती ना! मुकादम कामावर असले की बायको कोण न् काय. जित्याची खोड.

आत आहे. माझा माणूस आख्खा आत आहे. फोनवर मी त्याची मुकादमी देऊन टाकली तेव्हाही तो आतच होता, दारात उभा राहून ऐकत होता. त्याच्याजवळचा एकुलता एक शब्द त्याने माझ्यावर रुसून गिळला होता, आणि मी मॅडमना सांगत होते, काही घडलं नाही.

३ मे, शनिवार

मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि डोळेही पुसले. यांना म्हणाल्या, "काका, मग माझी चित्रं का नाही दाखवली?" हे म्हणाले, "चल!" मला लगेच कळलं. मुकादमाला कुणी चमचा दाखवतं का?

आता ऐकायची सवय लागतेय. प्रतिभाच्या फोनवर मैत्रीण नाही, भुसावळचा विपुल आहे, हेही आज कळलं. पोरीने स्वतः सांगितलं. यांना मार्चपासून ठाऊक होतं! त्या भुवईवरून मला कळायला हवं होतं. मुलगा बरा असावा, यांचा सूर बरा लागला.

आता ऊन उतरलंय. मशीनवर बसले होते, लग्नसराईचे ब्लाऊज आहेत. यांचं सुरू झालं. चल. मी सवयीने म्हटलं, चहा टाकते थांबा. उठून चहा केला. कपाला हात लावला नाही. चल. पाणी? चल. म्हटलं, पंखा? तेव्हा हे उठले. भिंतीला धरून काठी घेतली. डाव्या हाताने माझ्या मशीनचं चाक धरलं आणि थांबवलं. खुंटीवरची माझी चांगली साडी दाखवली. आणि म्हणाले, "चल."

हा सूर मी कुठे ऐकला होता? टोळीला म्हणतात तो नाही. प्रतिभाला म्हणतात तो नाही. फार जुना सूर आहे. नव्या नवरीला पहिल्यांदा म्हटलेला, अर्ध्यावर राहिलेला.

बाई गं. हे तर मार्चपासून म्हणताहेत. रोज, ऊन उतरलं की. आणि मी चहा पाजत होते.

साडी बदलली. पांढऱ्या केसांची का होईना, वेणी घातली. मशीनवर कापड घातलं. गोटूची रिक्षा नको म्हणाले, म्हणजे मानेने. हळूहळू जाऊ, राजघाट कुठे पळून जातोय.

एवढं लिहीपर्यंत दारातून दोनदा हाक आली. आता तिसरी येईल ती चिडकी असेल. उठते.